रेल्वेचे बदलते रंग : सागवानी वार्निशापासून केशरी ‘वंदे भारत’पर्यंत

मडगाव स्थानकाच्या फलाटावर एका दिवसात येऊन जाणाऱ्या गाड्या नीट न्याहाळल्या, तर भारतीय रेल्वेच्या गेल्या काही दशकांचा इतिहास डोळ्यांसमोरून सरकतो. मांडवी आणि कोकणकन्या यांचे लाल-करडे डबे, तेजसच्या अंगावरचे सूर्यकिरणांची आठवण करून देणारे पिवळे-नारिंगी पट्टे, पांढऱ्या-निळ्या वेशातील वंदे भारत आणि अधूनमधून दृष्टीस पडणारे जुन्या धाटणीचे निळे डबे. प्रवाशाच्या लेखी ही केवळ सजावट असते. प्रत्यक्षात यातील प्रत्येक रंगामागे एखादा तांत्रिक निर्णय, कार्यशाळेची सोय, प्रशासनाचे धोरण किंवा त्या त्या काळाची अभिरुची उभी असते.

हा विषय आज लक्षात घेण्याचे कारण असे, की जुने रंग झपाट्याने दृष्टीआड होत आहेत. चेन्नईच्या पेरांबूर येथील इंटिग्रल कोच फॅक्टरीने, म्हणजेच आयसीएफने, आपल्या पारंपरिक धाटणीचा शेवटचा डबा २०१८ च्या जानेवारीत बाहेर पाठवला. साठ वर्षांहून अधिक काळ ज्या डब्यांनी देश वाहून नेला, ते आता क्रमाक्रमाने मोडीत निघत आहेत. त्यांतील मोजके डबे वारसा म्हणून जतन होतील. मात्र जतन करताना त्यांना कोणता रंग द्यायचा, या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सोपे नाही.

कंपनीचा रंग, कंपनीची ओळख

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली पहिली प्रवासी गाडी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे जीआयपी, या कंपनीची होती. त्या काळी रेल्वे म्हणजे अनेक स्वतंत्र कंपन्यांचा व्यवहार होता. गोव्यातील मुरगाव बंदरापासून कॅसलरॉकपर्यंत जाणारा मीटरगेज मार्गसुद्धा अशाच एका कंपनीने उभारला. वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज गॅरंटीड रेल्वे हे तिचे नाव.

प्रत्येक कंपनीने स्वतःचे इंजिन, स्वतःचा डबा आणि स्वतःचा रंग ठरवावा, ही प्रथा ब्रिटनमधून आली. तेथे एकाच शहरात आणि काही ठिकाणी एकाच स्थानकात निरनिराळ्या कंपन्यांच्या गाड्या येत असत. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचे डबे चॉकलेटी आणि साय रंगाचे, तर मिडलंड रेल्वेचे गडद किरमिजी. लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेची इंजिने सफरचंदी हिरवी, तर तिचे डबे वार्निश केलेल्या सागवानाचे. लांबूनच गाडी कोणाची हे कळावे, हा त्यामागचा व्यापारी हेतू होता. याच लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न कंपनीच्या निळ्या ‘मॅलर्ड’ इंजिनाने ३ जुलै १९३८ रोजी ताशी १२६ मैलांचा, म्हणजे सुमारे २०३ किलोमीटरचा वेग गाठला. वाफेच्या इंजिनांच्या जगतात तो आजही विक्रम मानला जातो.

आरंभीच्या डब्यांची शरीरे लाकडी असत. चांगल्या सागवानाला रंगाची गरज नसते. वार्निशाचे थर देऊन लाकडाची मूळची झाक राखता येते आणि लाकूड पावसापाण्यापासूनही वाचते. पुढे लोखंडी पत्रा आला, तसा रंग अपरिहार्य झाला. पत्र्यावर रंगाचा थर नसेल तर गंज चढतो. म्हणजे रेल्वेच्या डब्याला रंग लावण्याचे पहिले कारण सौंदर्याचे नसून संरक्षणाचे आहे. सौंदर्याचा विचार त्या संरक्षक थराच्या आधारानेच वाढला.

स्वातंत्र्यानंतर या कंपन्यांचे आणि संस्थानी रेल्वेंचे एकत्रीकरण झाले. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी स्थापन झालेल्या मध्य रेल्वेत जीआयपीबरोबरच हैदराबादची निजाम स्टेट रेल्वे, ग्वाल्हेरची सिंधिया स्टेट रेल्वे आणि धोलपूर स्टेट रेल्वे विलीन झाल्या. संस्थानांच्या बोधचिन्हांबरोबर त्यांच्या गाड्यांची वेगळी ओळखही विरत गेली.

दख्खनच्या राणीची वस्त्रे

भारतीय रेल्वेच्या रंगसंगतींचा इतिहास एकाच गाडीच्या आधारे सांगायचा झाला, तर ती गाडी म्हणजे दख्खनची राणी. १ जून १९३० रोजी जीआयपीने मुंबई आणि पुण्यादरम्यान ही गाडी सुरू केली. तिच्यासाठी प्रत्येकी सात डब्यांच्या दोन गाड्या सिद्ध करण्यात आल्या. डब्यांच्या खालचे लोखंडी सांगाडे इंग्लंडमध्ये तयार झाले, तर वरची शरीरे जीआयपीच्या माटुंगा कार्यशाळेत बांधली गेली. दोन्ही गाड्यांना एकच रंग देण्यात आला नव्हता, हे विशेष. एक गाडी रुपेरी असून तिच्या पट्ट्या लालभडक होत्या. दुसरी गडद निळी असून तिच्यावर सोनेरी रेषा होत्या.

या निवडीचे महत्त्व समजण्यासाठी काळाचा संदर्भ पाहावा लागतो. अमेरिकेत सांता फे रेल्वेच्या ‘सुपर चीफ’ गाडीच्या डिझेल इंजिनांवर लाल आणि रुपेरी रंगांची जी संगती जगप्रसिद्ध झाली, ती १९३७ मधली. माटुंग्याच्या कारागिरांनी रुपेरी आणि लाल यांचा मेळ त्याआधी सात वर्षे घातला होता. दोहोंचा परस्परांशी संबंध होता असे नव्हे. गाडी ही केवळ वाहन न राहता तिला स्वतःचे व्यक्तिमत्त्व असावे, ही कल्पना त्या काळी अनेक देशांत रुजत होती आणि भारतातील एक कार्यशाळाही त्यात मागे नव्हती, एवढेच यावरून दिसते. राणीच्या रथाला ओढणारी इंजिनेही विजेची होती. त्या वर्गातील ‘सर रॉजर लम्ली’ नावाचे इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आजही पाहायला मिळते.

१९६६ मध्ये राणीचे मूळ डबे बदलून पेरांबूरचे पोलादी डबे आले. पुढे अनेक वर्षे ती निळ्या-पांढऱ्या रंगात, खिडक्यांच्या वर लाल पट्टी लेऊन धावत राहिली. पुण्या-मुंबईच्या दोन-तीन पिढ्यांच्या मनात ठसलेली राणी ती हीच. जून २०२२ मध्ये तिला आधुनिक एलएचबी डबे मिळाले आणि हिरवा व लाल यांना प्राधान्य देणारी नवी रंगसंगती आली. भोजनयान मात्र कायम राहिले. ज्यांनी निळी राणी पाहिली, त्यांना हिरवी राणी परकी वाटते. ज्यांनी १९३० ची रुपेरी राणी पाहिली असेल, त्यांनाही निळी राणी अशीच परकी वाटली असणार. ‘मूळ रंग’ हा शब्द किती सापेक्ष आहे, याचा हा बोलका नमुना होय.

मरून का, आणि मग निळा का?

आज चाळिशी ओलांडलेल्या बहुतेकांच्या बालपणातील रेल्वेचा रंग एकच आहे : विटकरीकडे झुकणारा गडद मरून. २ ऑक्टोबर १९५५ रोजी पेरांबूरचा कारखाना सुरू झाला आणि देशभर एकाच धाटणीचे पोलादी डबे धावू लागले. त्यांच्यासाठी मरून हा सर्वसाधारण रंग ठरला. या निवडीत व्यावहारिक शहाणपण होते. लाल-तपकिरी छटांना लोहाच्या ऑक्साइडचा आधार असतो. हे रंगद्रव्य स्वस्त असते, उन्हात फारसे विटत नाही आणि पत्र्यालाही मानवते. शिवाय ओतीव लोखंडाचे ब्रेक-ठोकळे चाकांवर घासून जी लालसर धूळ उडते, तीही या रंगावर खपून जाते. कोळशाच्या काजळीच्या जमान्यात पांढरा किंवा फिकट डबा आठवडाभरही स्वच्छ दिसला नसता.

१९९० च्या दशकात मरूनची जागा निळ्या रंगाने घ्यायला सुरुवात केली. गडद निळा डबा आणि खिडक्यांच्या ओळीवर फिकट निळा पट्टा, असे त्याचे रूप होते. अनेकांना हा केवळ रुचिपालट वाटला. मात्र त्यामागे ब्रेकचे तंत्र होते.

जुने डबे व्हॅक्यूम ब्रेकचे. त्यात गाडीभर गेलेल्या नळीतली हवा खेचून निर्वात राखला जातो आणि ब्रेक मोकळे राहतात. बाहेरची हवा आत शिरली, की ब्रेक लागतात. या पद्धतीला एक नैसर्गिक मर्यादा आहे. बाहेरच्या हवेचा दाब जेवढा, तेवढेच बळ जास्तीत जास्त मिळू शकते. लांबलचक गाडीत शेवटच्या डब्यापर्यंत परिणाम पोहोचायलाही वेळ लागतो. एअर ब्रेकमध्ये याउलट नळीत दाबयुक्त हवा भरलेली असते. हा दाब दर चौरस सेंटिमीटरला पाच किलो इतका असतो आणि तो उतरला, की प्रत्येक डब्याखालच्या टाकीतील हवा ब्रेक आवळते. त्यामुळे अधिक बळ, अधिक तत्परता आणि अधिक लांबीची गाडी शक्य होते.

ही दोन तंत्रे एकत्र चालत नाहीत. व्हॅक्यूमचा डबा एअर ब्रेकच्या गाडीत जोडला, तर त्याचे ब्रेक लागणारच नाहीत. देशभरातील हजारो डब्यांचे रूपांतर एका रात्रीत होणे अशक्य असल्यामुळे काही वर्षे दोन्ही प्रकारचे डबे यार्डांमध्ये शेजारी शेजारी उभे असत. अशा वेळी लांबूनच फरक कळावा म्हणून एअर ब्रेकच्या डब्यांना निळा रंग देण्यात आला. मरून म्हणजे व्हॅक्यूम आणि निळा म्हणजे एअर, हा संकेत डबे जोडणाऱ्या कामगाराच्या दृष्टीने सुरक्षिततेचा होता. रूपांतर पुरे झाल्यावर तो संकेत अनावश्यक ठरला आणि निळा हाच रेल्वेचा सर्वसाधारण रंग बनला. गोव्यात मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आले आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला, तो याच संक्रमणाच्या काळात. कोकणच्या बोगद्यांतून बाहेर पडणारी निळी गाडी हे चित्र म्हणूनच एका विशिष्ट दशकाचे आहे.

रंगातून दर्जा

सर्वसाधारण गाडीचा रंग एक असला, की वेगळा रंग आपोआप प्रतिष्ठेचा होतो. १९६९ मध्ये दिल्ली आणि हावड्यादरम्यान पहिली राजधानी एक्स्प्रेस सुरू झाली, तेव्हा मरून डब्यांच्या गर्दीत तिचा लाल आणि साय रंगाचा वेश उठून दिसला. १९८८ मध्ये आलेल्या शताब्दीने निळा आणि साय रंग निवडला. २००६ च्या गरीब रथाने हिरव्या रंगाचा आधार घेतला. २००९ मधील दुरंतोच्या डब्यांवर तर रंगाऐवजी विनाइलचे आवरण चढवून फुलापानांचे हिरवे-पिवळे निसर्गचित्रच साकारण्यात आले. गोव्यापर्यंत येणाऱ्या ‘गोल्डन चॅरियट’ या पर्यटक गाडीने जांभळा आणि सोनेरी अशी राजेशाही छटा घेतली.

जर्मन तंत्रज्ञानावर आधारलेले एलएचबी डबे आल्यावर रंगाची भूमिकाही बदलली. या डब्यांचे शरीर स्टेनलेस स्टीलचे असते. त्याला गंजाची भीती कमी, त्यामुळे रंगाचे संरक्षक काम घटले आणि ओळख देण्याचे काम वाढले. एनॅमलऐवजी पॉलियुरेथेन रंग आले, विनाइलचे पट्टे आले. २२ मे २०१७ रोजी मुंबईहून करमळीकडे निघालेली देशातील पहिली तेजस एक्स्प्रेस ही या नव्या दृष्टीची ठळक खूण होती. त्याच सुमारास जुन्या आयसीएफ डब्यांना ‘उत्कृष्ट’ योजनेखाली फिकट पिवळसर आणि तपकिरी रंग देण्यात आला.

२०१९ मध्ये वंदे भारत पांढऱ्या-निळ्या रंगात अवतरली. २७ जून २०२३ पासून मुंबई-मडगाव मार्गावर ती आली तीही याच वेशात. त्याच वर्षी सप्टेंबरात केरळमध्ये केशरी-करड्या रंगातील पहिली वंदे भारत धावली. राष्ट्रध्वजापासून घेतलेली प्रेरणा, असे त्या रंगाचे एक कारण सांगण्यात आले. पुढे नारिंगी रंग दुरून सहज दिसतो, हे दुसरे कारणही रेल्वेमंत्र्यांनी मांडले. रंगावरून राजकीय चर्चा झडली. मात्र दृश्यमानतेचा मुद्दा रेल्वेच्या जगात नवा नाही.

इंजिनांची कहाणी वेगळी

डब्यांचे रंग मुख्यालयात ठरत आले. इंजिनांच्या बाबतीत मात्र दीर्घकाळ शेडचा शब्द चाले. वाफेची इंजिने बहुधा काळी, कारण काजळी आणि तेलाचे डाग लपवणारा दुसरा रंग नव्हता. तरीही डब्ल्यूपी वर्गाच्या प्रवासी इंजिनांच्या गोलाकार नाकावर रंगवलेला तारा अनेकांच्या स्मरणात आहे. हे तारे झगमगीत ठेवणे हा त्या त्या शेडच्या अभिमानाचा भाग असे.

डिझेल इंजिने आली तशी हा अभिमान पूर्ण रंगसंगतीत उतरला. इंजिन कोणत्या शेडचे, हे त्यावर लिहिलेल्या नावाआधी त्याच्या रंगावरूनच जाणकार ओळखत. विजेच्या इंजिनांच्या नव्या पिढीत ही विविधता आटली. डब्ल्यूएपी-७ हे प्रवासी इंजिन पांढऱ्या अंगावर लाल पट्ट्याचे, तर डब्ल्यूएजी-९ हे मालगाडीचे इंजिन हिरवे, असे ढोबळ साचे रूढ झाले. २०२२ मध्ये कोकण रेल्वेचे विद्युतीकरण पूर्ण झाल्यावर आपल्या घाटांतूनही डिझेल इंजिनांची ती रंगीबेरंगी मिरवणूक ओसरली.

रंग म्हणजे सूचनाही

काही रंग केवळ वाचण्यासाठी असतात. गाडीच्या अखेरच्या डब्यावरची मोठी पिवळी फुली त्यांतलीच एक. फुली असलेला डबा स्थानकातून गेला म्हणजे गाडी पूर्ण गेली, मधला भाग तुटून मागे राहिलेला नाही, याची खात्री कर्मचाऱ्याला पटते. मुंबईच्या लोकलवरील लाल-पिवळे तिरके पट्टे पहिल्या वर्गाचा डबा दाखवतात. अक्षरओळख नसलेल्या प्रवाशालाही ही भाषा कळते.

इंजिनांच्या तोंडावरील पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा हेतूही तोच आहे. रुळांवर काम करणाऱ्यांना येणारी गाडी लांबून दिसावी, म्हणून ब्रिटनमध्ये गाड्यांची तोंडे पिवळी रंगवण्याची पद्धत पडली. मानवी डोळा दिवसाच्या उजेडात पिवळ्या-हिरव्या छटांना सर्वाधिक संवेदनशील असतो, हे त्याचे शास्त्रीय कारण. गडद रंगाचे इंजिन झाडीच्या किंवा बोगद्याच्या तोंडाच्या पार्श्वभूमीवर उशिरा दिसते, आणि गँगमनसाठी त्या काही क्षणांचे मोल प्राणाइतके असते.

जुना रंग शोधायचा कसा?

आता पुन्हा मूळ प्रश्नाकडे. एखादा शंभर वर्षांचा डबा जतन करायचा आहे, तर त्याचा रंग कसा ठरवायचा? पहिला आधार छायाचित्रांचा. मात्र जुनी छायाचित्रे कृष्णधवल असतात आणि दिशाभूलही करतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सर्रास वापरल्या जाणाऱ्या ऑर्थोक्रोमॅटिक काचा व फिल्मना लाल रंग दिसतच नसे. त्यामुळे लालभडक पट्टी काळी उमटे आणि निळा रंग प्रत्यक्षाहून फिकट दिसे. अशा छायाचित्रावरून दख्खनच्या राणीची लाल पट्टी कोणी काळी ठरवली, तर तो दोष छायाचित्राचा नव्हे, वाचणाऱ्याचा.

दुसरा आधार प्रत्यक्ष डब्याचा. डबे ठरावीक काळाने कार्यशाळेत जातात. तेथे रंग खरवडून, लांबी भरून, प्राइमर देऊन नवे थर चढवले जातात. तरीही दरवाजाच्या बिजागरीखाली, पट्टीच्या मागे किंवा पाटीच्या आड जुने थर शिल्लक राहतात. तेथे काळजीपूर्वक छेद घेऊन भिंगाखाली पाहिले, तर झाडाच्या खोडातील वलयांसारखा रंगांचा क्रम वाचता येतो. तिसरा आधार कार्यशाळांच्या कागदपत्रांचा. रंगांच्या छटांना भारतीय मानकांत क्रमांक दिलेले आहेत. नोंदवहीत तो क्रमांक सापडला, की ‘मरून म्हणजे नेमका कोणता मरून’ हा वाद मिटतो.

हे तिन्ही आधार हाताशी नसतील, तर संग्रहालयातील डब्याला हाती येईल तो चकचकीत रंग फासला जातो आणि तोच पुढे इतिहास म्हणून खपतो. जुना थर एकदा पूर्ण खरवडला, की तो पुरावा कायमचा जातो. हुबळीला २०२० मध्ये रेल्वे संग्रहालय उभे राहिल्यामुळे या भागातील जुन्या गाड्यांच्या वस्तू पाहण्याची सोय झाली आहे. मात्र मुरगाव-कॅसलरॉक मार्गावरील मीटरगेज गाड्यांच्या आठवणी, रंगीत छायाचित्रे आणि त्या काळी नोकरीत असलेल्या कर्मचाऱ्यांकडील कागद आज गोव्यातील घराघरांत विखुरलेले असण्याचीच शक्यता अधिक.

सामान्य वाचकालाही यात वाटा उचलता येतो. डब्याच्या बाजूला लिहिलेल्या क्रमांकाचे पहिले दोन अंक सामान्यतः त्याच्या बांधणीचे वर्ष सांगतात. जुन्या अल्बममधील छायाचित्रात हा क्रमांक वाचता आला, तर डबा कोणत्या वर्षीचा हे कळते. छायाचित्राच्या मागे स्थानक आणि साल लिहून ठेवले, तर तो डबा त्या वर्षी कोणत्या रंगात होता, हेही निश्चित होते. लग्नाच्या वऱ्हाडाचे, बदलीच्या निरोपाचे किंवा सुट्टीच्या प्रवासाचे फलाटावर काढलेले एखादे रंगीत छायाचित्र संग्राहकाच्या दृष्टीने अव्वल पुरावा ठरू शकते. आयसीएफचे डबे अजून पूर्णपणे गेलेले नाहीत. ही नोंद करण्यासाठी आज उपलब्ध असलेला वेळ पुढच्या दहा वर्षांत उरणार नाही.